दोरी ओढून खांदा आखडला, पण जनरेटर काही चालू होईना

गणपती जवळ आले की ह्या सदराकडे जनरेटरचे प्रश्न एकदम वाढतात, कारण वर्षभर कोपऱ्यात पडलेलं मशीन ह्याच दिवसांत बाहेर निघतं आणि नेमकं तेव्हाच ते चालू व्हायचं नाव घेत नाही. म्हणून ह्या अंकात दुसरं काही घेतलेलंच नाही, सगळे प्रश्न छोट्या जनरेटरचे, एकदोघांना उचलून नेता येतो तो, दुकानातला, मंडपातला, शेतावरचा. मोठ्या डिझेल सेटचं पुढच्या वेळी बघू. एक विनंती आहे, घरासाठी जनरेटर वापरणाऱ्यांनी अकोल्याच्या वाचकांना दिलेलं उत्तर आधी वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

प्रश्न : निसर्ग वादळ झालं तेव्हा आमच्याकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती, त्यानंतर घरच्यांनी २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेतला. गेल्या वर्षी गणपतीत चालवला, मग पडवीच्या कोपऱ्यात गोणपाट टाकून ठेवला तो आत्ता काढला. टाकीत थोडं जुनं पेट्रोल होतं, त्यात वरून नवीन टाकलं. दोरी ओढून ओढून खांदा आखडला, साधी फटफट पण नाही. स्पार्क प्लग नवा घातला तरी तेच. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटरच बदला. बदलू का? (एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : सगळ्यात आधी दोरी ओढणं थांबवा. दहाबारा झटक्यांत जे मशीन चालू झालं नाही ते पन्नास झटके मारून पण होणार नाहीये, आणि त्या नादात दोरी तुटली किंवा रिकॉईलची, म्हणजे दोरी परत गुंडाळणारी, स्प्रिंग गेली तर ते एक नवीन काम निघतं. इंजिनाला लागतं काय, योग्य मापात हवा आणि पेट्रोल, वेळेवर पडणारी ठिणगी आणि कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने सिलेंडरमध्ये दिलेला दाब. ह्यातलं काय मिळत नाहीये ते शोधायचं, अंदाजाने पार्ट बदलत सुटायचं नाही. तुम्ही प्लग बदललात ते ठीक, पण जुना प्लग काढला तेव्हा तो ओला होता की कोरडा होता हे बघितलं का? निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

आधी साध्या गोष्टी उरकून घ्या, ह्यात लाजायचं काही नाही, गॅरेजला आणलेल्या मशीनमध्ये पण हेच निघतं कधीकधी. इंजिनचा स्विच ऑनवर आहे ना, पेट्रोलचा कॉक उघडा आहे ना, इंजिन थंड आहे तर चोक पूर्ण ओढलाय ना, आणि जनरेटरला लावलेल्या सगळ्या वस्तूंच्या पिना काढल्यात ना. मग मशीन सपाट जागेवर ठेवून ऑइल बघा. ऑइल मोजायची काडी पुसायची आणि बऱ्याच मशीनवर ती आटे न फिरवता नुसती टेकवून लेव्हल बघायची असते, पुस्तकात दिलेलं असतं. ऑइल कमी असेल तर आतला सेन्सर ठिणगीच पडू देत नाही, त्याबद्दल खाली भोरच्या ताईंना सविस्तर लिहिलंय.

आता प्लग परत काढा. टोक खडखडीत कोरडं असेल तर पेट्रोल सिलेंडरपर्यंत पोचतच नाहीये. ओलं असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाहीये, म्हणजे ठिणगीकडे बघायचं. ठिणगी बघायची पद्धत, प्लग त्याच्या कॅपमध्ये बसवा, प्लगची लोखंडी बाजू इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, इन्सुलेशनवाल्या पकडीने धरा आणि दुसऱ्याला दोरी ओढायला सांगा. हे करताना प्लगच्या भोकापासून लांब धरायचं आणि सांडलेलं पेट्रोल आधी पुसायचं, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि ती ठिणगीने पेटते. चांगली ठिणगी निळी आणि ठसठशीत असते. प्लगची गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर, नवीन प्लग डब्यातून काढला तरी गॅप एकदा तपासायची.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं प्लग कोरडा निघेल. खात्री करायला प्लगच्या भोकात अगदी चमचाभर, त्याहून जास्त नाही, ताजं पेट्रोल घाला, प्लग घट्ट बसवा, कॅप लावा आणि दोरी ओढा. दोनचार सेकंद फटफटून बंद पडलं तर ठिणगी, कॉम्प्रेशन सगळं जागेवर आहे आणि दोष पेट्रोलच्या वाटेत आहे एवढं नक्की झालं.

आणि पेट्रोलच्या वाटेत दोष म्हणजे वर्षभर पडून असलेल्या मशीनमध्ये दहातल्या आठ वेळा शिळं पेट्रोल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतं आणि टाकीच्या तळाला बसतं, आणि कार्बोरेटरला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, पेट्रोल जातं ते तळातूनच. वरून कितीही नवं टाका, खाली तेच राहतं. म्हणून जुन्यात नवं मिसळून भागत नाही, टाकी पूर्ण रिकामी करायची.

कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला बाजूला एक ड्रेन स्क्रू असतो. कॉक बंद करा, खाली काचेची बरणी धरा आणि तो स्क्रू सैल करा. काय बाहेर येतं ते उजेडात धरून नीट बघा. ताजं पेट्रोल पातळ आणि स्वच्छ असतं, शिळ्याचा रंग गडद होतो आणि त्याला लाकडी फर्निचरच्या पॉलिशसारखा उग्र वास येतो. बरणी पाचदहा मिनिटं हलवू नका, तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी. काहीच बाहेर आलं नाही तर कॉकची जाळी चोंदलीये किंवा फ्लोटची, म्हणजे वाटीतल्या तरंगत्या भागाची, पिन चिकटलीये.

मग वाटी काढायची, बहुतेक मशीनला खालून एकच १० नंबरचा बोल्ट असतो. वाटीच्या तळाला हिरवट चिकट साका नाहीतर पांढरी भुकटी दिसली की समजायचं आत जेटमध्येही तेच आहे. वाटीच्या वर मधोमध उभा बसवलेला असतो तो मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, रुंद आणि बरोबर बसणाऱ्या स्क्रूड्रायव्हरनेच काढायचा, पितळ मऊ असतं, खाच बिघडली की मग रडायची वेळ येते. जेट आभाळाकडे धरून एक डोळा बंद करून बघा, भोकातून गोल स्वच्छ उजेड दिसला पाहिजे, अर्धवट चंद्र दिसला तरी ते चोंदलेलंच आहे. सुई किंवा टाचणी घालायची नाही, भोक मोठं झालं की मशीन कायमचं जास्त पेट्रोल प्यायला लागतं. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, थोडा वेळ मुरू द्या, वायरीतली तांब्याची एकच बारीक तार हलक्या हाताने फिरवा, परत स्प्रे. जेटच्या वर भोकाभोकांची नळी असते ती पण काढून साफ करा, आणि बाजूचा बारीक पायलट जेट विसरू नका, तो चोंदला असेल तर मशीन फक्त चोकवर चालतं आणि चोक सोडला की बंद पडतं. डोळ्याला चष्मा लावा, स्प्रे उलटा उडतो. वाटीचा रबरी रिंग स्प्रेमध्ये भिजवू नका, फुगला की परत जागेवर बसत नाही.

मेकॅनिकवर विश्वास ठेवायचा का, तर तो फसवतोय असं मी म्हणणार नाही, पण साफ न करताच बदला म्हणत असेल तर आधी साफ करून घ्या. आतल्या धातूला खड्डे पडलेले दिसले, पांढरी भुकटी खरवडली तरी जात नाही असं असेल तर मात्र कार्बोरेटर बदलणंच शहाणपणाचं, अशा कार्बोरेटरवर कितीही मेहनत घेतली तरी दर पंधरा दिवसांनी तीच तक्रार येते.

पडवीत वर्षभर होता म्हणताय तर अजून दोन ठिकाणं बघा. एअर फिल्टरचा डबा उघडा, उंदरांना ती जागा फार आवडते, आणि सायलेन्सरच्या तोंडात बॅटरी मारून बघा, कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते आणि धूर बाहेर जायला जागा नसेल तर इंजिन चालू होऊच शकत नाही. फिल्टर फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, थोडं इंजिन ऑइल चोळून पिळून टाका आणि मग लावा.

एवढं सगळं करूनही काही नाही आणि दोरी ओढताना हाताला अडल्यासारखं वाटतच नाही, नुसती हलकी येते, तर व्हॉल्व्ह गंजून अडकलाय किंवा व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट बिघडलेत. ते काम फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पट्ट्या, असलेल्या माणसाकडेच द्या.

प्रश्न : माझा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे. काल टेम्पोत जागा नव्हती म्हणून पोरांनी जनरेटर आडवा टाकून नेला. साईटवर उतरवला तर दोरी जागची हलत नाही, जाम आहे. इंजिन सीझ झालं का? (कराड)

उत्तर : नाही हो दादा, बहुतेक सीझ नाही झालेलं, पण जोर लावून ओढू नका. आडवा पडल्यावर खालचं ऑइल पिस्टनच्या वर सिलेंडरमध्ये गेलंय, आणि ऑइल दाबलं जात नाही म्हणून पिस्टन अडलाय. स्विच बंद करा, प्लग काढा, प्लगच्या भोकासमोर कोणाला उभं राहू देऊ नका, भोकावर जुना कपडा धरा आणि दोरी हळूहळू ओढा. पिचकारीसारखं ऑइल बाहेर येईल, येऊ द्या, येणं थांबेपर्यंत ओढत राहा. मग प्लग पेट्रोलने धुऊन, वाळवून लावा. एअर फिल्टर उघडलात तर तो पण ऑइलने माखलेला सापडेल, तो धुवा नाहीतर बदला, त्याच फिल्टरवर चालवायला गेलात तर हवा मिळणार नाही. ऑइलची लेव्हल परत भरा. चालू झाल्यावर पाचदहा मिनिटं पांढरा धूर निघेल, घाबरू नका, आत राहिलेलं ऑइल जळतंय. प्लग काढूनही दोरी हलली नाही तर मात्र मामला मोठा आहे. आणि पोरांना सांगून ठेवा, मशीन नेहमी उभं न्यायचं, कॉक बंद करून आणि दोरीने बांधून.

प्रश्न : माझी आइस्क्रीमची गाडी आहे, छोटा सुटकेससारखा इन्व्हर्टर जनरेटर वापरतो. सकाळी एका झटक्यात चालू होतो, दहा मिनिटांनी गुदमरल्यासारखा होऊन बंद पडतो. मग लगेच चालू होत नाही, थोड्या वेळाने होतो, परत तेच. दोन वेळा कार्बोरेटर साफ करून झाला. (नाशिक)

उत्तर : तुमच्या मशीनच्या टाकीच्या झाकणावर एक छोटा खटका असेल, ऑन-ऑफ लिहिलेला. तो ऑफवर राहिलाय का ते आधी बघा. पेट्रोल जसं खाली जातं तशी टाकीत वरून हवा यावी लागते, त्यासाठी ती वाट असते, नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून बंद करायची आणि चालवताना उघडायची. बंद राहिली की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली यायचं थांबतं, मशीन उपाशी मरतं. खटका उघडाच असेल तर ती वाट धुळीने चोंदलेली असू शकते. पुढच्या वेळी मशीन बंद पडलं की झाकण हळूच सैल करा, सुस्स असा हवा आत जाण्याचा आवाज आला आणि नंतर मशीन चालू झालं तर दोष सापडला, झाकण साफ करा किंवा नवीन टाका. झाकण उघडं ठेवून मशीन चालवत राहू नका, गाडीवर शेजारी गॅस, गर्दी, काय होईल सांगता येत नाही.

झाकणाने फरक पडला नाही तर इग्निशन कॉइल. कॉइल तापली की आतून सुटते आणि गार झाली की परत जोडली जाते, म्हणून बंद पडल्या पडल्या त्याच क्षणी ठिणगी तपासायची, गार झाल्यावर तपासली तर ती चांगलीच दिसणार आणि तुम्ही फसणार. कॉइल बदलाल तेव्हा कॉइल आणि मॅग्नेटमधलं अंतर पुस्तकात दिलंय तेच ठेवायला सांगा, छोट्या इंजिनला ते साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतं.

प्रश्न : आम्ही भोरजवळ टेंटचा कॅम्प चालवतो. जनरेटर स्वयंपाकाच्या जागेजवळ होता, आवाजाची तक्रार आली म्हणून मागच्या उतारावर नेला. तिथे नेल्यापासून चालूच होत नाही, दोरी ओढली की लाल दिवा लुकलुकतो. परत जुन्या जागी आणला की होतो. ह्याला काय म्हणायचं? (कॅम्प चालवणाऱ्या एक वाचक, भोर)

उत्तर : ताई, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. तो लाल दिवा ऑइलचा. खाली ऑइलच्या तळाला एक तरंगणारा सेन्सर असतो, ऑइल कमी झालं की तो ठिणगी तोडतो म्हणजे इंजिन कोरडं चालून जळू नये. मशीन तिरकं ठेवलं की ऑइल एका बाजूला जातं आणि सेन्सरला वाटतं ऑइल संपलं. उतारावर फावड्याने एक सपाट चौथरा करून घ्या, शहाबादी फरशी टाकली तर उत्तम, मशीन थरथरत सरकणार नाही. आणि ऑइल पण बघा, लेव्हल थोडी कमी असेल म्हणूनच एवढ्याशा उताराला सेन्सर लागतोय. कोणी म्हणेल सेन्सरची वायर काढून टाका, कटकट मिटेल. ती वायर काढलेली इंजिनं गॅरेजमध्ये येतात ती कनेक्टिंग रॉड तुटलेल्या अवस्थेत येतात, मग दुरुस्तीपेक्षा नवीन इंजिन परवडतं. नवीन मशीनचं ऑइल पहिल्या २० तासांनंतर आणि मग दर १०० तासांनी किंवा ६ महिन्यांनी बदलायचं, १०डब्ल्यू-३० बहुतेक मशीनला चालतं.

प्रश्न : वडिलांचा जुना रॉकेलवर चालणारा जनरेटर आहे. ते असताना व्यवस्थित चालायचा. आता आम्ही रॉकेल भरून कितीही ओढलं तरी काही नाही. (पेडणे, गोवा)

उत्तर : ही मशीनं रॉकेलवर चालतात पण रॉकेलवर चालू होत नाहीत. टाकीला दोन कप्पे असतील बघा, एक छोटा पेट्रोलचा आणि एक मोठा रॉकेलचा, आणि कॉकला मधे बंद, एकीकडे पेट्रोल, दुसरीकडे रॉकेल. थंड इंजिनमध्ये रॉकेलची वाफ होत नाही, म्हणून पेट्रोलवर चालू करायचं, चारपाच मिनिटं गरम होऊ द्यायचं आणि मग रॉकेलवर टाकायचं. बंद करताना उलटं, आधी पेट्रोलवर टाकून थोडा वेळ चालवायचं म्हणजे कार्बोरेटरमधलं रॉकेल संपून वाटीत पेट्रोल भरतं, तरच ते दुसऱ्या दिवशी चालू होतं. वडील हे करत असणार, त्यांच्या हाताला सवय असेल म्हणून कोणाला सांगायची वेळ आली नसेल.

आत्ता तुमच्या वाटीत रॉकेल बसलंय. ड्रेन स्क्रूने ते काढा, पेट्रोलच्या कप्प्यात ताजं पेट्रोल भरा, प्लग काढून पुसा, काळा झाला असेल तर ब्रशने साफ करा, आणि पेट्रोलवर चालू करा. रॉकेलने काजळी जास्त धरते, तेव्हा सायलेन्सर आणि हेडमधला कार्बन एकदा काढून घ्या. हे मशीन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक तेही बघून घ्या, टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन जाईल. आणि हे वाचून बाकीच्यांनी आपल्या फक्त पेट्रोलच्या मशीनमध्ये रॉकेल मिसळून बघू नका, ते इंजिन त्यासाठी बनवलेलं नसतं, ठोके मारतं आणि न जळलेलं रॉकेल ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करतं.

प्रश्न : जनरेटर पावसात भिजू नये म्हणून मागच्या व्हरांड्यात ठेवतो, खिडकी उघडी असते. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घेतलीये, ती घरातल्या सॉकेटला लावली की सगळं घर चालू होतं, मेन स्विच आठवणीने बंद करतो. परवा चालू झाला नाही म्हणून व्हरांड्यातच खोलला. काही हरकत नाही ना? (अकोला)

उत्तर : हरकत आहे, काका, आणि मी अगदी कळकळीने लिहितोय. जनरेटर चालू होत नाही हा तुमचा छोटा प्रश्न आहे, चालू झाल्यावर काय होतं हा मोठा आहे.

धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, रात्र असेल तर माणसाला वाटतं दमलोय आणि तो झोपतो, तो परत उठत नाही. खिडकी उघडी ठेवून हा गॅस जात नाही, उलट व्हरांड्यातून त्याच खिडकीने तो आत येतो. जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब, सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला. शटर अर्धं लावून दुकानात, जिन्याखाली, पार्किंगच्या बंद कोपऱ्यात, कुठेच नाही. पावसासाठी चारी बाजूंनी उघडी अशी चार खांबांवर पत्र्याची छोटी शेड करा, पत्रा सायलेन्सरपासून लांब असू द्या. घरात एकाच वेळी दोघातिघांचं डोकं दुखायला लागलं तर विचार करत बसू नका, सगळ्यांना उघड्यावर आणा आणि दवाखान्यात न्या.

दुसरं, ती दोन्हीकडे पिन असलेली वायर आजच्या आज कापून टाका. एक टोक सॉकेटमधून निघालं की उघड्या पितळी पिनांमध्ये २३० व्होल्ट असतात, घरातलं पोर हात लावेल. आणि मेन बंद करायला एकदा विसरलात की तुमचा करंट उलटा वायरीतून डीपीपर्यंत, म्हणजे भागाच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, जातो, आणि तोच ट्रान्सफॉर्मर जो ११ हजारचा करंट उतरवून आपल्याला देतो तो उलट्या दिशेने तुमचा करंट चढवून लाईनवर टाकतो. वर खांबावर वायरमन असतो, त्याने सप्लाय बंद केलेला असतो, आणि त्याला धक्का तुमच्या घरातून बसतो. तुम्ही आठवणीने बंद करता हे मला मान्य आहे, पण तुम्ही गावाला गेलात आणि घरातल्या दुसऱ्या कोणी ती वायर लावली तर? लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, त्यात एका वेळी एकच बाजू जोडली जाते, चूक करायची म्हटली तरी करता येत नाही. तोपर्यंत फ्रीज, पंखा, दिवा हे जनरेटरच्या सॉकेटमधूनच सरळ चांगल्या एक्स्टेन्शन वायरने चालवा.

आणि खोलताना, पेट्रोल भरताना मशीन गार झालेलं पाहिजे, चालत्या किंवा गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतायचं नाही. प्लगची कॅप काढून ठेवल्याशिवाय आत हात घालायचा नाही. हे सगळं झालं की चालू का होत नाही त्यासाठी वर श्रीवर्धनच्या वाचकांना दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : दर वर्षी गणपतीनंतर ठेवतो आणि दर वर्षी पुढच्या गणपतीला मेकॅनिक शोधतो. ठेवायची काही पद्धत आहे का? (कुडाळ)

उत्तर : आहे आणि अर्ध्या तासाचं काम आहे. टाकी रिकामी करा, ते पेट्रोल ताजं आहे तोवर गाडीत घाला. मग इंजिन चालू करा आणि कॉक बंद करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, नंतर वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढा. प्लग काढून आत चमचाभर इंजिन ऑइल घाला, दोरी दोनतीनदा हळू ओढा म्हणजे ते सगळीकडे लागेल, प्लग बसवा. शेवटी दोरी हळू ओढत न्या आणि जिथे हाताला अडल्यासारखं लागेल तिथे सोडा, त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि कोकणातली दमट हवा सिलेंडरमध्ये जात नाही. सायलेन्सरच्या तोंडाला कापड बांधा, आणि त्याला लाल चिंधी लावा म्हणजे चालू करताना काढायचं लक्षात राहील. सेल्फ स्टार्ट असेल तर बॅटरीची एक वायर काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा.

ज्यांना मधेअधे गरज पडते त्यांनी रिकामा करू नये, त्यापेक्षा महिन्यातून एकदा १५-२० मिनिटं पंखा नाहीतर दोन दिवे लावून चालवावा. नुसता बिनलोडचा फिरवून उपयोग नाही.

प्रश्न : आमचा जनरेटर उलट आहे. इंजिन पहिल्या झटक्यात चालू, आवाज मस्त, पण बल्ब लागत नाही. वर्षभर बंद होता. (लातूर)

उत्तर : आधी पॅनलवरचा ब्रेकर पडलाय का बघा, मग दुसऱ्या सॉकेटमध्ये बल्ब लावून बघा. तिथेही काही नसेल तर आतल्या रोटरचा, म्हणजे फिरणाऱ्या भागाचा, राहिलेला चुंबकपणा गेलेला असू शकतो. मशीन बंद असताना रोटरच्या लोखंडात थोडा चुंबकपणा शिल्लक राहतो आणि त्याच्यावरच पहिला करंट तयार होतो, फार दिवस पडून राहिलं की तो कधीकधी नाहीसा होतो. कार्बन ब्रशवाल्या मशीनमध्ये १२ व्होल्टच्या बॅटरीने ब्रशवर क्षणभर करंट देऊन तो परत आणता येतो, पण एव्हीआरचा, म्हणजे व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागाचा, कनेक्टर आधी काढावा लागतो आणि प्लस-मायनस उलटं चालत नाही, त्यामुळे हे जनरेटरचं काम येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या, घरी नको. त्याला सांगा की बॅटरी लावायच्या आधी ब्रश काढून बघ, वर्षभरात त्यावर गंज आणि धूळ बसून ते नुसते टेकत नसतात, झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवला आणि ब्रश जिथे टेकतात ती स्लिप रिंग पुसली तरी बऱ्याचदा बल्ब लागतो. तुमचं मशीन बिनब्रशचं असेल तर त्यात एक कपॅसिटर असतो, तो मीटरने तपासायचा, आणि गेलेला असेल तर त्याच्यावर जेवढे मायक्रोफॅरड आणि व्होल्ट लिहिलेत तेवढ्याचाच नवीन बसवायचा.